रकान्याबाहेरचा धूर

बस बंद करताना त्यांनी नुसतं ‘परवडत नाही’ असं लिहिलं असतं, तर मी चार दिवस चरफडले असते आणि गप्प बसले असते. पण नोटिशीत लिहिलं होतं की हवामानाच्या रक्षणासाठी आणि कंपनीचं कार्बन उत्सर्जन कमी करण्यासाठी येत्या एक तारखेपासून कर्मचाऱ्यांची बस बंद करण्यात येत आहे. खाली एक हिरवं पान छापलं होतं. ते पान बघून माझं डोकं जे फिरलं ते अजून पुरतं जागेवर आलेलं नाही.

मी काचेची मापं बनवणाऱ्या कारखान्यात कामाला आहे. प्रयोगशाळांत लागतात ती उभी मोजपात्रं, नळ्या, चंबू. भट्टीतून आणि रेघा मारणाऱ्या आखणी विभागातून निघालेला माल माझ्या टेबलावर येतो. मी पात्रात रेघेपर्यंत पाणी भरते, ते पाणी तोलते आणि रेघ खरी की खोटी ते ठरवते. केसभर चुकली तरी पात्र बाद. बावीस वर्षं हेच करतेय, म्हणून सगळे मला मिलीबाई म्हणतात, मिलिलिटरवरून. घरी नवरासुद्धा रागावला की मिलीबाई म्हणतो.

कारखाना शहराबाहेर अठरा किलोमीटरवर आहे. सार्वजनिक बस तासाला एक, आणि तीही तीन किलोमीटर अलीकडे वळते. म्हणून कंपनीची बस होती, एक्केचाळीस जणांची. सकाळी पावणेआठला वाचनालयाच्या कोपऱ्यावरून निघायची, वाटेत दोन थांबे घ्यायची. एकोणीस वर्षं तिला एकच चालक होते, आम्ही त्यांना बसकाका म्हणायचो. बस काही देखणी नव्हती. तिसऱ्या खिडकीची काच एकदा खाली आली की वर जायचं नाव घ्यायची नाही आणि चढावर तिचा आवाज ऐकून नवा माणूस उतरायला दार शोधायचा. पण त्या बसमध्ये लोकांनी परीक्षांचा अभ्यास केला, स्वेटर विणले, एकाचं लग्न जमलं आणि दुसऱ्याचं मोडता मोडता वाचलं. पॅकिंगमधल्या मावशी माझ्या शेजारी बसायच्या. वेशीबाहेर पडलो की त्यांचा डोळा लागायचा आणि डोकं माझ्या खांद्यावर यायचं. अकरा वर्षं माझा डावा खांदा त्यांच्याच मालकीचा होता.

नोटीस लागली त्याच आठवड्यात मोठ्या साहेबांनी, म्हणजे कारखान्याच्या मुख्य व्यवस्थापकांनी, सगळ्यांना जेवणघरात बोलावलं. पडद्यावर एक आलेख दाखवला. कंपनीच्या वाहनांचं उत्सर्जन सत्तर टक्क्यांनी खाली येणार होतं. उद्योगांना पर्यावरणाची मानचिन्हं देणारी एक संस्था आहे, तिचं मानचिन्ह आपल्याला मिळवायचंय, असं ते म्हणाले. भट्टी रात्रंदिवस जळते तिच्याबद्दल अवाक्षर नाही, कारण तिला हात लावायचा म्हणजे मोठं काम काढायचं. बस बंद करायला एक कागद पुरतो.

मी उठून विचारलं, “साहेब, आम्ही एक्केचाळीस जण येणार कसे?”

“आपापल्या सोयीने. हल्ली प्रत्येक घरात काही ना काही असतंच.”

“मग त्या गाड्यांचा धूर कुठे धरणार?”

ते हसले. रागावून नाही, लहान मुलाला समजावताना हसतात तसे. “तो कंपनीचा नाही, बाई. तो तुमचा वैयक्तिक.”

पुढच्या रांगेतले दोघंतिघं हसले. मी खाली बसले. त्या हसण्याचा राग मला आठवडाभर पुरला.

नवरा छापखान्यात प्रूफं तपासतो, घरापासून दहा मिनिटांवर, चालत जातो. आम्हाला गाडीची गरज कधी पडलीच नव्हती. त्याचा मावसभाऊ परदेशी निघाला होता, त्याची जुनी पांढरी गाडी आम्ही घेतली. अठ्ठेचाळीसाव्या वर्षी मी गाडी शिकायला गेले. शिकवणारा पोरगेला होता, मी ब्रेक दाबला की स्वतःचे गुडघे धरायचा. महिन्याभरात मला परवाना मिळाला आणि एक तारखेपासून मी एकटी, चार जागा रिकाम्या ठेवून, कामाला जायला लागले.

खरं ते सांगते. पहिले दोन दिवस मला रडू आलं आणि तिसऱ्या दिवशी मला ते आवडलं. हवं तेव्हा निघावं, हवं ते गाणं लावावं, कुणाच्या डब्याचा वास नाही, कुणाच्या सुनेच्या तक्रारी नाहीत. गाडीत बसलेलं माणूस किती लवकर बदलतं हे मी स्वतःवरच पाहिलं. पायी चालणारे मला मध्ये येणारे वाटू लागले. मग चौथ्या दिवशी नदीवरच्या पुलावर कोंडी झाली. पंचवीस मिनिटं गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. सहज बाजूला पाहिलं तर भट्टीवरचे फुंकणीदादा त्यांच्या नव्या गाडीत एकटेच. त्यांच्या पुढे आखणीतली धाकटी, एकटी. माझ्या मागे भांडारातला. सगळी बस पुलावर होती, फक्त एकेक माणूस वेगळ्या पत्र्यात भरलेला, प्रत्येकाचं इंजिन चालू, प्रत्येकाच्या काचा वर. आम्ही काचेतून एकमेकांना हात केले. फुंकणीदादांनी हसून खांदे उडवले. मला हसू आलं नाही. पूर्वी याच पुलावरून आमची एक बस सात मिनिटांत जायची.

दुसऱ्या आठवड्यापासून मावशींना मी माझ्या गाडीतून नेऊ लागले. तीन आठवडे जमलं. मग त्यांची पाळी बदलली, त्या दुपारी येऊ लागल्या आणि माझा इलाज संपला. सार्वजनिक बसच्या वळणावर उतरून तीन किलोमीटर चालायच्या. गुडघे साथ देईनात. दोन महिन्यांनी त्यांनी राजीनामा दिला. निरोप समारंभ नाही, काही नाही. त्यांच्या सहीचा कागद वर गेला, एवढंच. आणखी दोघींनी असंच सोडलं.

आणि बसकाका? त्यांना साहेबांच्या गाडीवर घातलं. साहेबांना कंपनीने विजेवर चालणारी गाडी घेऊन दिली होती. तीही आलेखात होती, खाली उतरणाऱ्या रेघेत. साहेबांची जुनी डिझेलची मोठी गाडी मात्र भंगारात गेली नव्हती. ती त्यांच्या घरी राहिली, बाईसाहेबांच्या वापराला. कंपनीच्या यादीतून नाव कमी झालं म्हणजे तिचा धूरही कमी झाला, असा हिशेब. काकांनी मला हे सांगितलं तेव्हा ते दिवसभर वाहनतळावर त्या गाडीच्या काचा पुसत बसलेले असायचे. एकोणीस वर्षं एक्केचाळीस माणसं आणणारा माणूस आता एका माणसाची वाट बघत होता.

त्या दिवशी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आरडाओरडा मला येत नाही. मला मोजता येतं.

दुसऱ्या दिवसापासून फाटकावरच्या पहारेकऱ्याशेजारी मी रोज अर्धा तास आधी येऊन उभी राहू लागले. वही घेतली. बसने येणारे आता कसे येतात, त्यांच्या गाडीला किती पेट्रोल लागतं, घर किती लांब, एकेकाला गाठून विचारलं. लोक आधी लाजले. कुणी म्हणालं, मिलीबाईंना आता आमच्या टाकीवरही रेघ मारायचीय. पण सांगितलं सगळ्यांनी. महिनाभर मी हे केलं, पावसाचे दिवस आणि कोंडीचे दिवस वेगळे धरून.

आमची बस जाऊन येऊन दिवसाला नऊ लिटर डिझेल प्यायची. बसकाकांना ते पाठ होतं. आता सतरा जण गाड्यांनी येत होते, पंधरा जण दुचाकीवरून, सहा जण कुणाच्या तरी मागे बसून. तिघींनी नोकरी सोडली होती. या सगळ्यांचं मिळून रोजचं पेट्रोल भरलं त्रेसष्ट लिटर. नऊ साती त्रेसष्ट. मी तीनदा बेरीज केली, मग नवऱ्याकडून करून घेतली. तो प्रुफातली चूक शोधतो तसा आकड्यांवर पेन्सिल फिरवत गेला आणि म्हणाला, “अगं, बरोबर आहे. पण हे कुणाला दाखवणार?”

मी ते पर्यावरणवालीला दाखवलं. नव्याने लागलेली मुलगी, पंचविशीची, हुशार, सगळ्यांना ताई-दादा म्हणणारी. तिची खोली जिन्याखाली होती, तिथे एक कुंडी आणि खूप कागद. तिने माझी वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मला वाटलं ती म्हणेल, असं कसं झालं. ती तसं म्हणाली नाही.

“ताई, मला माहीत होतं,” ती म्हणाली. “इतकं असेल असं वाटलं नव्हतं, पण माहीत होतं.”

“मग तू लिहिलं का नाहीस?”

“कुठे लिहू? मानचिन्हाच्या फॉर्ममध्ये तो रकानाच नाही. कंपनीची वाहनं, कंपनीची वीज, कंपनीची भट्टी. लोक घरून कसे येतात ते ऐच्छिक टिपेत द्यायचं. मी टीप लिहिली होती. साहेबांनी ती काढायला लावली. म्हणाले, ऐच्छिक म्हणजे आपल्या इच्छेवर.”

तिचे डोळे भरले होते. मला तिची दया आली आणि तिच्यावर चीडही आली. शिकायचं काय, तर हवा कशी वाचवायची, आणि नोकरीत करायचं काय, तर कागदावरून धूर पुसायचा. मी तिला तसं बोलले नाही. वहीची एक प्रत मात्र तिच्याकडे ठेवली.

पंधरा दिवसांनी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. मानचिन्हाच्या अर्जाला कर्मचाऱ्यांच्या वतीने एक निवेदन जोडायचं होतं, कंपनीच्या प्रवासाचं प्रदूषण सत्तर टक्क्यांनी घटल्याचं. त्यावर सही माझी हवी होती. तुमची सही आपल्या प्रत्येक मापाबरोबर देशोदेशी जाते, तिच्यावर लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात, असं ते म्हणाले. माझ्या वहीची बातमी त्यांच्या कानावर नव्हती असं मी मानत नाही. उलट म्हणूनच मला बोलावलं असावं. जिने आक्षेप घ्यायचा तिचीच सही मिळाली की तोंडं बंद.

मी कागद वाचला. म्हटलं, “मी सही करणार नाही.”

“यातला एक आकडा चुकीचा दाखवा.”

“आकडे बरोबर आहेत, साहेब. वाक्य खोटं आहे.”

“म्हणजे?”

“पूर्वी नऊ लिटर जळत होतं, आता त्रेसष्ट जळतंय. तुम्ही बस बंद केलीत म्हणून. तेच आम्ही, तोच रस्ता, तीच हवा. तुम्ही धूर कमी नाही केलात, तो आमच्या नावावर केलात आणि वर बक्षीस मागताय.”

त्यांनी कागद परत ओढून घेतला. चहा तसाच राहिला. जाताना एवढंच म्हणाले की आपल्या कामाच्या मर्यादा माणसाने ओळखाव्यात. पुढच्या सोमवारी मला तपासणीच्या टेबलावरून उठवून फुटक्या मालाच्या नोंदीला बसवलं. निवेदनावर आखणीच्या प्रमुखांनी सही केली. मानचिन्ह आलं. जेवणघरात फोटो काढले, त्या दिवशी माझा घसा बसला होता असं मी सांगितलं आणि घरी थांबले.

फुटक्या मालाच्या खोलीत बोलायला कुणी नव्हतं, त्यामुळे विचार करायला भरपूर वेळ होता. मी स्वतः त्या त्रेसष्टातले तीन लिटर जाळत होते हे मला सारखं टोचत होतं. साहेबांना चार शब्द सुनावून मी रोज संध्याकाळी रिकाम्या गाडीत बसून घरी जात होते. मग आधी माझीच गाडी भरली. आखणीतली धाकटी आणि भांडारातला, दोघंही वाटेवरचे. आठवड्यात आणखी दोघं आले. गाडीत जागा संपली, तशी लोकांनी यादीच केली. आणि एका दुपारी बसकाका फुटक्या मालाच्या दारात येऊन उभे राहिले.

साहेबांच्या गाडीची किल्ली परत करून त्यांनी नोकरी सोडली होती. शहरातल्या एका शाळेच्या बसवर त्यांना काम मिळालं होतं. शाळा साडेसातला भरायची, पावणेआठला बस मोकळी. दुपारी मुलांना सोडलं की संध्याकाळी पुन्हा मोकळी. बसच्या मालकाशी ते बोलूनही आले होते. तुम्ही माणसं जमवा, गाडी मी आणतो, म्हणाले.

अठ्ठावीस माणसं जमली. ती बस मुलांच्या मापाची होती. भट्टीवरचे सहा-सहा फुटी गडी गुडघे हनुवटीला टेकवून बसायचे, सीटच्या पाठीवर पाढ्यांचे तक्ते, खिडक्यांवर चिकटवलेली फुलपाखरं. एकाला तर रोज ‘शांत बसा’ या पाटीखालीच जागा मिळायची आणि तोच सगळ्यांत जास्त बोलायचा. किती दिवसांनी आम्ही एकमेकांच्या घरचं विचारत होतो. आम्हाला सोडून बस शाळा सुटायच्या आत रिकामी परत जायची आणि संध्याकाळी रिकामी यायची, ते फेरेही मी वहीत धरले. लहान बस असल्याने तरीसुद्धा बारा लिटरच्या वर गेली नाही.

कंपनीने तिला फाटकातून आत येऊ दिलं नाही. बाहेरचं वाहन, सुरक्षेचा प्रश्न. मोठ्या रस्त्यावर उतरून आम्ही भिंतीच्या कडेकडेने दहा मिनिटं चालत यायचो, भर उन्हात, आणि आमच्या शेजारून एकेक माणूस बसलेल्या गाड्या बिनदिक्कत आत जायच्या. फुंकणीदादा आमच्यात आले नाहीत. मी दोनदा विचारलं. ते म्हणाले, बघू, बाई.

वर्ष असं गेलं. मग कंपनीचं वार्षिक पुस्तक छापून आलं, गुळगुळीत कागदाचं. पर्यावरणाच्या पानावर एक मोठा फोटो होता. आमची शाळेची बस, फुलपाखरांसकट, आणि तिच्यातून वाकून उतरणारी माणसं. त्यातली एक मी. खाली लिहिलं होतं की कंपनीने कर्मचाऱ्यांसाठी सामायिक प्रवासाचा पुढाकार घेतला आहे.

मी ते पुस्तक हातात घेऊन तशीच जिना चढले. साहेबांच्या केबिनचं दार वाजवायचं मला भान राहिलं नाही.

“ही बस तुमची?” मी विचारलं.

“आपल्या सगळ्यांचीच आहे की.”

“मग ती रस्त्यावर का उभी राहते? आपल्या सगळ्यांची बस आपल्या फाटकातून आत का येत नाही?”

ते सुरक्षेचं बोलू लागले. मी थांबले नाही. “तुम्ही आमची बस काढून घेतलीत. त्याचं बक्षीस घेतलंत. आम्ही कशीबशी दुसरी उभी केली, तिला दारात उभं केलं नाहीत, आणि आता तिचाही फोटो स्वतःच्या नावाने छापलात. थोडी तरी लाज ठेवायची, साहेब.”

मी पुस्तक त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि बाहेर पडले. बाहेर कारकुनांनी टाइप करणं थांबवलं होतं.

त्या शनिवारी आम्ही पत्र लिहिलं, मानचिन्ह देणाऱ्या संस्थेला. नवऱ्याने मसुदा तपासला आणि माझे सगळे रागाचे शब्द खोडले. मी भांडले. तो म्हणाला, “तुझे आकडेच पुरेसे संतापलेले आहेत, त्यांना बोलू दे.” एक पान झालं. नऊ, त्रेसष्ट, बारा, आणि प्रत्येक आकडा कसा काढला ते. खाली सव्वीस सह्या. दोघं घाबरले, त्यांना मी नावं ठेवत नाही. सोमवारी सकाळी पर्यावरणवाली जिन्याखालच्या खोलीतून स्वतः बाहेर आली, पत्र मागून घेतलं आणि सत्ताविसावी सही केली.

साडेतीन महिने उत्तर नाही. मग आलं. मागचं मानचिन्ह त्या वेळच्या नियमांनुसार दिलेलं असल्याने ते कायम राहील, असं त्यांनी लिहिलं होतं. मात्र यापुढे सगळ्याच कंपन्यांना कर्मचारी घरून कसे ये-जा करतात ते भरावं लागेल, ती माहिती ऐच्छिक राहणार नाही. पर्यावरणवाली कागद फडकवत फुटक्या मालाच्या खोलीत आली. “ताई, रकाना आला,” एवढंच म्हणाली.

मला आनंद व्हायला हवा होता. पहिलं मानचिन्ह अजूनही स्वागतकक्षात काचेच्या पेटीत होतं, खाली दिवा लावलेला. पेटीची काच आमच्याच भट्टीची.

नव्या फॉर्ममध्ये आमच्या गाड्यांचं पेट्रोल कंपनीच्या नावावर शोभलं नसतं, हे साहेबांना समजायला वेळ लागला नाही. सहा आठवड्यांत कंपनीची बस परत आली. नवी, दोन्ही बाजूंना हिरवी पानं रंगवलेली. बसकाकांना परत बोलावलं, त्यांनी यायचं ठरवलं, पण आधी शाळेला दुसरा चालक मिळवून दिला. मलाही माझं टेबल परत मिळालं, कारण माझ्या जागेवर बसवलेल्या माणसाने दोन पेट्या खोट्या रेघांचा माल पुढे सोडला होता आणि तो परत आला होता.

पहिल्या दिवशी साहेब स्वतः वाचनालयाच्या कोपऱ्यावर आले, फोटोवाल्याला घेऊन. बसमध्ये चढले आणि माझ्याच शेजारी बसले. सगळ्यांशी हसून बोलले, बस किती आरामशीर आहे ते सांगितलं. मी खिडकीतून मागे पाहिलं. त्यांची विजेची गाडी आमच्या मागोमाग येत होती, नव्या चालकाने चालवलेली, आत कुणी नाही.

“उद्या कोणत्या थांब्यावर चढणार, साहेब?” मी विचारलं.

“उद्या जरा बैठक आहे,” ते म्हणाले. त्यानंतर ते त्या बसमध्ये दिसले नाहीत.

मावशींना मी फोन केला. त्या आता घराजवळच्या शिवणकामाच्या कारखान्यात धागे कापतात. पगार कमी, पण चालत जाता येतं. परत या म्हणण्यात अर्थ नव्हता, त्यांच्या जागेवर माणूस भरला होता. त्यांनी बसकाकांना नमस्कार सांगितला आणि मला म्हणाल्या, “तू खूप केलंस गं.” मी फोन ठेवला. मी जे केलं ते त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

आणि सगळे बसमध्ये परत आलेही नाहीत. अडतीसपैकी तीस आले. उरलेले आठ आपापल्या वाहनांनी येतात, त्यात फुंकणीदादा. गेल्या आठवड्यात पुलावर पुन्हा कोंडी होती. आमची बस आणि त्यांची गाडी अगदी खेटून उभ्या राहिल्या. मी काच खाली करून हाक मारली. त्यांनीही काच अर्धी खाली केली.

“चढा की दादा,” मी म्हटलं. “तुमची जागा रिकामीच आहे.”

“आता सवय लागली हो, बाई,” ते म्हणाले. “आणि एवढी घेऊन ठेवलीय गाडी, तिचं काय करू?”

त्यांचं काही चुकीचं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी हाच माणूस माझ्या मागच्या सीटवर बसून मोठ्याने वर्तमानपत्र वाचून दाखवायचा आणि गाडी घेणाऱ्यांची टर उडवायचा. त्याला गाडी हवी नव्हती. ती घ्यायला लावली, आणि आता ती सुटत नाही. एका कागदाने बंद झालेली बस एका कागदाने परत आली, पण माणसं तशी परत येत नाहीत. हे आठ जण कुठल्या रकान्यात मोडतात ते मी त्याच संध्याकाळी पर्यावरणवालीला विचारलं. तिने फॉर्म काढला, बोट ठेवून दाखवलं. त्यांचं पेट्रोल आता कंपनीच्या पानावर दिसतं, दर महिन्याला. रोजचे तेवीस लिटर. ते शून्यावर येईपर्यंत मी विचारत राहणार आहे.